वजन सात ग्रॅम, सोंगं सतराशे साठ!

दहा रुपयांचं एक नाणं तळहातावर घ्या. वजन किती? पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. आता या नाण्याला पंख फुटलेत, अंगावर इलेक्ट्रिक निळा रंग चढलाय आणि ते हवेत जागच्या जागी थांबून तुमच्याकडे रोखून बघतंय, अशी कल्पना करा. लेडीज अँड जंटलमन, सादर आहे मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलांचा हिरो, व्हाइट-नेक्ड जॅकोबिन!

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत. मग याच्याच नावाचा ढोल का वाजवायचा? कारण हा पक्षी पक्का बहुरूपी आहे. याच्या बिरादरीत काही बायका बिनधास्त पुरुषी पेहरावात फिरतात. आणि तान्हं बाळ तर... थांबा, थांबा! बाळाचं गुपित शेवटी.

आधी लूक!

नराचा थाट बघा. डोकं, गळा, छाती गर्द निळी. पाठ चमचमती हिरवी. पोट पांढरंशुभ्र. शेपूट जवळजवळ सगळी पांढरी, कडेला काळ्या रंगाची बारीक किनार. आणि मानेच्या मागे, जिथे निळा संपून हिरवा सुरू होतो तिथे, एक पांढरा पट्टा. नावातलं ‘व्हाइट-नेक्ड’ आलं ते या पट्ट्यावरून.

हा पट्टा दर वेळी दर्शन देईलच असं मात्र नाही. साहेब निवांत बसले की तो पिसांत दडतो. भांडायला किंवा भाव मारायला पुढे झुकले, शेपटीचा पंखा उघडला, की पांढरंच पांढरं! गर्द हिरव्या जंगलात ही पांढरी चमक लांबूनही डोळ्यांत भरते.

मादीचा नेहमीचा पेहराव अगदी वेगळा. वरून हिरवी, शेपूट गडद, आणि गळ्यावर-छातीवर खवल्याखवल्यांची सुरेख नक्षी. जवळून पाहिलं तर कळतं की प्रत्येक गडद पिसाला स्वतंत्र पांढरी कड आहे. पानांत बसली की गायब.

माहीत आहे का? त्या झगझगीत निळ्यात निळा रंग नाहीच! निळ्या पिसाची पूड करून बघितली तर हाती काळपट भुकटी येईल. सगळी कमाल रचनेची आहे. पिसाच्या आत मेलॅनिनचे चपटे कण असतात, त्यांच्यात हवेचे बुडबुडे असतात आणि या कणांचे थरावर थर रचलेले असतात. प्रकाश या थरांवरून परततो तेव्हा एखादा रंग जोर धरतो आणि बाकीचे एकमेकांना गिळून टाकतात.

कोन बदलला की खेळ खल्लास! उन्हात निळंशार दिसणारं डोकं सावलीत चक्क काळं दिसतं. हमिंगबर्डचे फोटो काढणारी मंडळी ऊन, पक्षी आणि कॅमेरा यांची भूमिती जुळवत तासन् तास बसतात ती याचसाठी.

बरं, हे रंग बघणारे डोळेही साधेसुधे नाहीत. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार प्रकारच्या. चौथी अतिनील भागाची. २०२० साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मेरी कॅसवेल स्टॉडार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये रानातल्या हमिंगबर्डची परीक्षा घेतली. एक दिवा नुसता हिरवा, दुसरा हिरवा अधिक अतिनील. आपल्याला दोन्ही सारखेच दिसणार. पक्ष्यांनी मात्र गोड पाण्याजवळचा दिवा बरोबर ओळखला. म्हणजे जॅकोबिन आपल्याला एवढा भारी दिसतो, तर दुसऱ्या जॅकोबिनला किती भारी दिसत असेल!

पत्ता चुकला हो!

आता एक ऐतिहासिक गंमत. १७४३ साली जॉर्ज एडवर्ड्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने आपल्या पक्ष्यांच्या पुस्तकात या पक्ष्याचं हाताने रंगवलेलं चित्र छापलं. नमुना होता ड्यूक ऑफ रिचमंडच्या संग्रहातला, आलेला सुरिनाममधून. म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून.

पंधरा वर्षांनी, १७५८ मध्ये, सजीवांच्या बारशाचा बादशहा कार्ल लिनियस ‘सिस्टेमा नॅचुरे’ची दहावी आवृत्ती काढतो. एडवर्ड्सच्या चित्राचा आधार घेऊन तो या पक्ष्याला शास्त्रीय नाव देतो: ट्रोचिलस मेलिव्होरस. आणि राहण्याचं ठिकाण काय लिहितो, माहीत आहे का?

इंडिया!

हो, हो, इंडिया! पुढे चूक दुरुस्त झाली आणि मूळ ठिकाण सुरिनाम असं नोंदलं गेलं. पण काही काळ तरी कागदोपत्री हा आपला गाववाला होता. प्रत्यक्षात भारतात एकही हमिंगबर्ड नाही. आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, कुठेच नाही. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या शेंड्यापर्यंत, फक्त आणि फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि आसपासच्या बेटांवर.

मग पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत जास्वंदीवर भिरभिरतो तो कोण? तो शिंजीर, म्हणजे सनबर्ड. चोच बाकदार, रंग चमकदार, आवड मधाची, त्यामुळे गल्लत होणारच. पण नातं शून्य! शिंजीर हा चिमणी-कावळ्याच्या गणातला. दोघांनी मध प्यायचा धंदा वेगवेगळ्या खंडांत, आपापला, स्वतंत्रपणे उभारला. फरक ओळखायची सोपी खूण घ्या: शिंजीर शक्यतो फांदीवर नाहीतर देठावर बसून पितो, हमिंगबर्ड हवेत उभा राहून पितो.

खरे नातेवाईक वेंगुर्ल्यात

हमिंगबर्डचे जवळचे भाऊबंद कोण, सांगा बघू? पाकोळ्या! संध्याकाळी जुन्या इमारतींवर कल्ला करत घिरट्या घालतात ना, त्या. पाकोळ्या आणि हमिंगबर्ड यांच्या वाटा सुमारे सव्वाचार कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असा जनुकीय अभ्यासाचा हिशेब आहे. खानदानी खूण आजही शिल्लक आहे. पाय इवलेसे, धड चालता न येणारे, आणि सगळी मिळकत पंखांच्या जिवावर.

या नात्याने बघितलं तर सिंधुदुर्गात हमिंगबर्डची पाहुणे मंडळी राहतात! वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाची खडकाळ बेटं आहेत. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. या लाळेने घरटी बांधतात आणि गुहेच्या अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. जॅकोबिनचे हे कोकणी कझिन कलाकारीत कमी नाहीत.

आडनाव-बंधू तर आणखी जवळ. आपला चातक आठवा. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पावसाची वर्दी देणारा. त्याचं इंग्रजी नाव जॅकोबिन ककू, शास्त्रीय नाव क्लॅमेटर जॅकोबिनस! फ्रान्समधल्या जॅकोबिन धर्मगुरूंच्या काळ्या-पांढऱ्या वस्त्रांवरून पक्ष्यांना हे आडनाव चिकटलं. नातं काही नाही, नेमप्लेट मात्र सेम.

जॅकोबिनचं स्वतःचं घराणं छोटं आणि एकदम रॉयल. फ्लोरिसुगा या प्रजातीत जाती दोनच: एक आपला हिरो आणि दुसरा ब्राझीलकडचा ब्लॅक जॅकोबिन. त्यांचे सख्खे शेजारी म्हणजे टोपॅझ हमिंगबर्ड. त्यांच्याही दोनच जाती. असे हे चौघे.

या चौघांची खासियत काय? २०१४ साली जिमी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी हमिंगबर्डचा मोठा वंशवृक्ष मांडला. त्यात नऊ मुख्य फांद्या निघाल्या. सगळ्यात आधी बाजूला झालेली फांदी होती या चौघांची. म्हणजे बाकीच्या साडेतीनशे जातींपासून ही भावकी फार पूर्वी वेगळी निघाली. संपूर्ण खानदानाचा सामाईक पूर्वज सुमारे २ कोटी २० लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत असावा असंही त्याच अभ्यासातून पुढे आलं.

पण खरा ट्विस्ट पुढे आहे. हमिंगबर्डसारख्या पक्ष्याचे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले ते जर्मनीत! लांब चोच, हवेत तरंगता येईल अशी पंखांची हाडं, सगळं जागच्या जागी. २००४ मध्ये गेराल्ड मायर या जीवाश्मतज्ज्ञाने हे जाहीर केलं आणि जातीला नाव दिलं युरोट्रोचिलस इनएक्स्पेक्टेटस. दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘अनपेक्षित’. शास्त्रज्ञ चकित झाले की थेट बारशातच कबुली देतात!

राहतो कुठे, खातो काय?

दक्षिण मेक्सिकोपासून सुरुवात करा. मध्य अमेरिका ओलांडा. कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, ब्राझील, आणि जोडीला त्रिनिदाद-टोबॅगोची बेटं. एवढा मोठा मुलूख! त्यामुळे जागतिक धोका-यादीत हा ‘चिंतेचं कारण नाही’ या गटात आहे. पक्ष्यांवर लिहिताना अशी गोड बातमी क्वचित द्यायला मिळते, म्हणून आनंदाने देतो आहे.

पसंतीची जागा म्हणजे सखल प्रदेशातल्या दमट जंगलाचं छप्पर, उंच झाडांचे शेंडे. जंगलाच्या कडेला आणि कोको-कॉफीच्या मळ्यांतही मुक्काम चालतो. मध प्यायला उंच झाडांची फुलं, फांद्यांवर वाढणाऱ्या झुडपांची फुलं, हेलिकोनियाही. शिवाय उडता उडता हवेतले किडे टिपणं चालूच असतं. साखरेवर इंजिन चालतं, पण बॉडी बनवायला प्रोटीन पाहिजे ना!

त्रिनिदाद म्हटलं की मराठी माणसाला पहिले कोण आठवणार? अर्थातच सुनील गावसकर! १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला कसोटी पदार्पण, त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०, मालिकेत ७७४ धावा, आणि वर त्यांच्या नावाचं कॅलिप्सो गाणं. आता जोडीला हेही लक्षात ठेवा की या देशाच्या राजचिन्हावरच्या ढालीत दोन हमिंगबर्ड आहेत. कॅरिबियन एअरलाइन्सच्या विमानांवरही हमिंगबर्डच. उडायचं तर ब्रँड अँबॅसडर असाच हवा!

टोबॅगोचा जॅकोबिन अंगाने जरा दांडगा. म्हणून त्याला स्वतंत्र उपजात मानतात: फ्लॅबेलिफेरा. १८४६ साली हे नाव ठेवणारे जॉन गूल्ड म्हणजे हमिंगबर्डवेडे नंबर वन. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या काळात त्यांनी रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात भुसा भरलेल्या हमिंगबर्डचं प्रदर्शन मांडलं. ७५ हजारांहून जास्त लोक आले, राणी व्हिक्टोरियासुद्धा. माहीत आहे का, तोवर गूल्ड यांनी जिवंत हमिंगबर्ड एकदाही पाहिलेला नव्हता! तो योग आला १८५७ मध्ये, अमेरिकेत गेल्यावर.

गांबोआचं महानाट्य

चला, आता मुख्य अंक. पडदा उघडतो पनामात, गांबोआ नावाच्या छोट्या गावात. चाग्रेस नदी पनामा कालव्याला मिळते तिथे हे गाव आहे. एका बाजूला खंडाएवढी जहाजं, दुसऱ्या बाजूला जंगल. स्मिथसोनियन ट्रॉपिकल रिसर्च इन्स्टिट्यूटचं कामही इथे चालतं.

जे फॉल्क, मायकेल वेबस्टर आणि डस्टिन रूबेनस्टाइन या संशोधकांनी इथे जॅकोबिनचा पिच्छा पुरवला. चारशेहून जास्त पक्षी अलगद पकडले, तपासले, सोडून दिले. आणि कोडं समोर आलं. निळं डोकं, पांढरी शेपूट, अस्सल नराचा पेहराव घातलेल्यांत चक्क माद्या होत्या! मोठ्या झालेल्या माद्यांपैकी सुमारे २० टक्के, म्हणजे पाचात एक.

थांबा, यापेक्षा भन्नाट गोष्ट पुढे आहे. जॅकोबिनची पोरं, मुलगे असोत वा मुली, सगळी नराच्या पेहरावातच मोठी होतात! नर-मादी वेगळे दिसणाऱ्या बहुतेक पक्ष्यांत पोरांचा लूक आईसारखा फिका असतो. इथे उलटी गंगा. मग वयात येताना बहुतेक मुली हिरवा, खवल्यांचा पेहराव घेतात. पाचातली एक मात्र ठरवते, नाही बदलणार जा!

ठरवते म्हणजे लेखकाच्या भाषेत हं. पक्षी आरशासमोर उभा राहून निर्णय घेत नाही. पण या अडून राहण्याचा फायदा काय, हे शोधायला फॉल्क यांच्या टीमने मस्त डोकं लढवलं.

पहिला संशय साहजिक: नटणं हे जोडीदार पटवायला असेल. मोराचा पिसारा आठवा. पण हिशेब जुळेना. जोडीदारासाठी नटायचं तर ते वयात आल्यावर नटायला हवं. इथे तर लहानपणी सगळ्याजणी नटलेल्या, आणि नेमक्या वयात आल्यावर बहुतेकींनी साज उतरवलेला!

मग प्रयोग झाला. खाद्यपात्रांवर भुसा भरलेले जॅकोबिन मांडले: एक नर, एक हिरवी मादी, एक नराच्या वेशातली मादी. आणि बघत बसायचं की खरे पक्षी कुणाशी कसे वागतात. निकाल? पुतळ्यांत सगळ्यात जास्त त्रास हिरव्या मादीच्या वाट्याला. तिच्यावर चोची मारणं, धावून जाणं आणि तिच्याच मागे लागून प्रेमाचे प्रयत्न करणंही. नरांना आवडत होती तीही हिरवीच, आणि छळली जात होती तीही हिरवीच. म्हणजे निळा पेहराव वर शोधायला नक्कीच नव्हता.

पुढची पायरी हायटेक. पक्ष्यांना इवल्या आरएफआयडी चिप बसवल्या आणि खाद्यपात्रांना ती चिप वाचणारं यंत्र. आता प्रत्येक भेटीची नोंद आपोआप: कोण आलं, कितीदा आलं, किती वेळ टिकलं. आकडे बोलू लागले. नराच्या वेशातल्या माद्या हिरव्या माद्यांपेक्षा जास्त वेळा येत होत्या आणि जास्त वेळ पीत होत्या.

बस, उत्तर मिळालं! हा वेश पोटासाठी आहे. जॅकोबिनचे नर दादागिरीत पटाईत. ‘हा पण आपल्यातलाच एक दादा दिसतोय’ असं वाटलं की ते उगाच वाट्याला जात नाहीत. तेवढ्यात बाई निवांत पोट भरून घेतात. ज्या जिवाचं हृदय मिनिटाला शेकड्यांनी ठोके टाकतं आणि ज्याला सतत इंधन लागतं, त्याच्यासाठी दोन घोट जास्त म्हणजे मोठी कमाई. हा अभ्यास २०२१ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त आला आणि जगभर गाजला.

आता चाणाक्ष वाचक विचारणार, मग या माद्या खरोखरच ताकदीनेही नरासारख्या झाल्या असतील का? हाच प्रश्न त्या टीमलाही पडला. २०२२ मध्ये त्यांनी उड्डाणाची ताकद, शरीराची ठेवण, वागणं असं सगळं मोजलं. नर सरस निघाले, आणि दोन्ही प्रकारच्या माद्यांत फरक जवळजवळ नाही. म्हणजे बदललाय तो फक्त पेहराव. शंभर नंबरी सोंग!

दुसरा चाणाक्ष वाचक विचारणार, एवढा फायदा आहे तर सगळ्याच माद्या निळ्या का नाहीत? वा, प्रश्न एकदम पॉइंटाचा! सोंग खपतं ते थोड्यांनीच काढलेलं असतं तोवर. निळ्यांमध्ये नकली दादांची भरती वाढली की खरे दादा सगळ्यांनाच आजमावून बघू लागणार, आणि निळ्या रंगाचा वचक संपणार. म्हणून असं सोंग थोड्याच जणींकडे टिकून राहतं. मला हा भाग फार आवडतो, कारण एका पिसाच्या रंगामागे इतकं नेटकं गणित असेल असं बघताना वाटतच नाही.

आणि हे फक्त जॅकोबिनचं नाही बरं! हमिंगबर्डच्या जवळपास पाव हिश्श्याच्या जातींत काही माद्या नरासारख्या दिसतात.

झटपट राउंड!

माहीत आहे का, अनेक पक्ष्यांना गोड चव कळतच नाही? डायनासोरांच्या वंशात गोडी ओळखणारं एक जनुक हरवलं ते हरवलंच. मग हमिंगबर्डचं काय? त्यांनी जुगाड केला! मांसाची खमंग चव, जिला उमामी म्हणतात, ती ओळखणारी यंत्रणा बदलत बदलत साखर ओळखणारी झाली. मॉड बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली हे शोधलं. आणि हो, अ‍ॅस्पार्टेम हा डाएट ड्रिंकमधला गोडवा यांच्या चोचीला पटत नाही. शुगर-फ्रीवाल्यांना इथे एंट्री नाही.

जिभेची करामत ऐका. शतकाहून जास्त काळ पुस्तकांत लिहिलेलं होतं की केशनलिकेत पाणी चढतं तसा मध या जिभेत आपसूक चढतो. २०११ मध्ये अलेहांद्रो रिको-ग्वेवारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी हाय-स्पीड कॅमेरा लावला आणि पुस्तकं बदलावी लागली. जिभेचं टोक दुभंगलेलं असतं. मधात शिरताच त्याच्या कडा उलगडतात, बाहेर येताना मिटतात आणि मध आत कोंडला जातो. पापणी लवायच्या आत काम तमाम! हेच रिको-ग्वेवारा पुढे जॅकोबिनच्या २०२२ च्या अभ्यासातही सामील होते.

हवेत उभं राहण्याचं गुपित? बहुतेक पक्षी पंख खाली मारताना वजन पेलतात, वर नेताना जवळपास सुट्टी. हमिंगबर्ड पंख उलटा करून वर नेतानाही काम करून घेतो. २००५ साली ‘नेचर’मध्ये आलेला हिशेब: ७५ टक्के वजन खालच्या झटक्यात, २५ टक्के वरच्या. पार्टटाइमसुद्धा फुकट नाही!

आणि तो ब्राझीलचा भाऊ, ब्लॅक जॅकोबिन? तो गातो, पण ऐकतं कोण हाच प्रश्न आहे. २०१८ साली क्लॉडिओ मेलो यांच्या टीमने ब्राझीलच्या अटलांटिक जंगलात त्याचा आवाज टिपला. मूळ पट्टी १० किलोहर्ट्झच्या वर! पक्ष्यांची ऐकण्याची जी मर्यादा तोवर ठाऊक होती, तिच्याही पलीकडे. तार सप्तक कुठल्या कुठे मागे राहिलं.

आता बाळाचं गुपित

मादी घरटं एकटीच बांधते. अंडी एकटीच उबवते. पिल्लांना भरवतेही एकटीच. बाबा? त्यांचा पत्ता नाही. घरट्याची जागा जमिनीपासून साधारण एक ते तीन मीटरवर, पामच्या किंवा तसल्याच रुंद पानाच्या वरच्या अंगाला. बियांची मऊ लव आणि कोळिष्टकं वापरून केलेली छोटीशी वाटी. वर दुसरं पान झुकलेलं असलं तर उत्तमच, पावसाला छप्पर आयतंच. अंडी दोन.

पनामाच्या सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानात जे फॉल्क आणि सहकाऱ्यांना असंच एक घरटं सापडलं. आईवर नजर ठेवली, कॅमेरा लावला. अंड्यातून पिल्लू बाहेर आलं आणि सगळे चाट! हमिंगबर्डची नवजात पिल्लं सहसा जवळजवळ उघडी असतात. या पठ्ठ्याच्या पाठीवर मात्र लांब लांब तपकिरी लव. पिल्लू कसलं, केसाळ सुरवंटच!

सुरवंट म्हटल्यावर कोकणातला, देशावरचा प्रत्येक जण अंग चोरणार. शेवग्यावरचा सुरवंट एकदा हाताला लागला की खाज काय असते ते कळतं. उष्णकटिबंधीय अमेरिकेतले काही केसाळ सुरवंट तर याहून जहाल, त्यांच्या केसांनी माणूस कळवळतो. म्हणून भले भले शिकारी त्यांच्या वाटेला जात नाहीत.

पण नुसता कॉस्च्यूम काय कामाचा? अभिनयही हवा ना! माणसं घरट्याजवळ गेली की पिल्लू डोकं वर करून झटक्याने इकडून तिकडे हलवायचं. डिवचल्यावर काही सुरवंट अगदी असेच झटके देतात. एकदा तर एक शिकारी गांधीलमाशी घरट्याच्या अगदी जवळ आली. पिल्लाने तोच प्रयोग सादर केला. गांधीलमाशी निघून गेली. जन्माला येऊन जेमतेम थोडा वेळ झालेला, डोळेही न उघडलेला नट, आणि पहिल्याच शोला प्रेक्षक पसार!

निरुपद्रवी प्राण्याने डेंजर प्राण्याचं रूप घ्यायचं, या युक्तीला हेन्री वॉल्टर बेट्स यांचं नाव आहे. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं फुलपाखरं पारखून त्यांनी १८६२ साली ही कल्पना मांडली. तेच अ‍ॅमेझॉन, जिथे जॅकोबिनही राहतो! सुरवंटाचं सोंग काढणारं पिल्लू याआधी दक्षिण अमेरिकेतल्या सिनेरियस मॉर्नर या पक्ष्यात सापडलं होतं. त्याची लव भडक नारिंगी, झुलण्याची ढबही सुरवंटाची. हमिंगबर्डमध्ये असं काही असेल याचा मात्र कुणाला वासही नव्हता.

हा वृत्तान्त ‘इकॉलॉजी’ या शोधपत्रिकेत २०२५ मध्ये आला. निरीक्षण एकाच घरट्याचं, म्हणून संशोधकांनीही ‘शक्यता’ असाच शब्द वापरला आहे. हे बेस्टच केलं त्यांनी. लव पानावरच्या कचऱ्यात मिसळून जाण्यापुरती आहे की खरंच सुरवंटाचं सोंग आहे, हे ठरवायला आणखी घरटी लागतील. आणि पानावर बसवलेली वाटी, तीही घनदाट जंगलात, शोधणं म्हणजे चिकाटीचा कस.

तेव्हा कधी पनामाला गेलात आणि रुंद पानावर केसाळ सुरवंट दिसला, तर लगेच पाय मागे घेऊ नका. दोन पावलं लांब उभे राहा आणि नीट बघा. त्याला चोच असेल तर आवाज न करता झूम लावा, एक फोटो घ्या आणि वाट मोकळी करा. आई गोड घोट घेऊन येतच असेल. हिरवी की निळी, तेवढं मात्र नक्की टिपून ठेवा!